एकतीस बंदुका, एक घर आणि स्वयंपाकघरातली जाळी

एनॉस स्टर्जिलची रायफल मला फुकट मिळाली. तिची खरी किंमत पुढे अशी पडली: अकरा आठवडे, पॉलिश पेपरचे चाळीस तुकडे, जवसाच्या तेलाची दीड बाटली, डाव्या तर्जनीचे नख आणि बायको. नख पुन्हा उगवले.

हे सर्वांत आधी लिहिले, कारण मृत्युपत्र शांत डोक्याने लिहावे असे वकील म्हणतात, आणि हा हिशेब कागदावर उतरल्याशिवाय माझे डोके शांत होत नाही.

तर मी, ओरिन ली टॅकेट, वय चौऱ्याहत्तर, राहणार स्टर्जिल फोर्क, पूर्व केंटकी, पूर्वीचा धंदा बोअर मारून देण्याचा, आताचा छंद घरच्या घरी बंदुका जुळवण्याचा आणि सुधारण्याचा, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. फुप्फुस सोडून बाकी सगळे ठिकाणावर आहे असे डॉक्टरच म्हणाले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याची ज्यांना इच्छा होती त्यांची नावे खाली येतील. याआधीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागात केली होती. हे मजेत करत आहे.

कलम १. माझ्या वडिलांनी मला मृत्युपत्र करून काही दिले नाही, कारण द्यायला त्यांच्याकडे खोकल्याशिवाय काही नव्हते. एकोणिसाव्या वर्षी मी भाड्याच्या गाडीवर पहिला बोअर मारला. बाकीचे लोक यंत्राकडे बघायचे, मी ऐकायचो. वाळूचा दगड गातो, चिकण दगड कुरकुरतो, कोळसा लागला की पाइप मुका होतो. पाणी लागायच्या दहा फूट आधी मी सांगायचो, "बादल्या काढा." लोक हसायचे आणि मग बादल्या काढायचे. तेहतीस वर्षांत माझ्या तीन गाड्या झाल्या. बावन्नाव्या वर्षी तिन्ही विकल्या आणि तळघरात बाक टाकला. हे सांगण्याचे कारण एवढेच की या काउंटीत माझ्याइतके तिखट कान कोणाचे नाहीत, आणि पुढची सगळी कलमे त्या कानांवर उभी आहेत.

कलम २. मला माझ्या बायकोशेजारी, व्हर्लीशेजारी पुरावे. तिला विचारलेले नाही. पाद्रीबुवांनी दहा मिनिटांच्या वर बोलू नये. मी हयात असताना ते माझ्याबद्दल काय बोलत, ते मला ठाऊक आहे. ते दोन मिनिटांत संपते.

कलम ३. तळघरातली व्यवस्था समजल्याखेरीज पुढचे समजणार नाही. तळघरात भट्टी आहे. भट्टीतून गरम हवेचा पत्र्याचा नळ वर स्वयंपाकघरात जातो आणि सिंकजवळ जमिनीतल्या जाळीला मिळतो. माझा बाक त्या नळाला टेकून आहे. पहिल्याच हिवाळ्यात, शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, बंदुकीचा लाकडी दस्ता आवळून कानस मारत असताना, वरून आवाज आला, जसा कोणी माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बोलावा:

"ऐकू येतं का गं त्याला?"

"छे. बंदुका उडवून उडवून कान गेले त्याचे. हाक मारली तरी ओ देत नाही."

पहिला आवाज माझी मेहुणी ज्यूएलचा, दुसरा माझ्या बायकोचा. त्या दिवसापासून मी बहिरा झालो. जेवताना "हं? काय?" करायचो. कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळायचो. बहिऱ्या माणसासमोर लोक काय काय बोलतात, हे एकदा ऐकले की दुसरे कुठलेही शिक्षण लागत नाही. हा बहिरेपणा मी बावीस वर्षे चालवला. माझ्या हातून झालेल्या कामांत त्याच्याइतके बारीक काम दुसरे नाही.

कलम ४. व्हर्लीचे आजोबा एनॉस स्टर्जिल यांची रायफल तिच्या आईकडून आमच्याकडे आली. नळी तपकिरी झालेली, दस्त्यावर ओरखडे, आणि जिथे अंगठा टेकतो तिथे लाकूड झिजून चमचाभर खळगा पडलेला. मी नवशिका होतो आणि नवशिक्याला जुने काही बघवत नाही. ओरखडे घासले. खळगा समतल होईपर्यंत सगळा दस्ता घासून उतरवला. नळीला निळी झिलई चढवली. तळहाताने तेल मुरवले, रोज रात्री एक हात, रोज सकाळी एक हात. रायफल अशी झाली की तिच्यात बघून दाढी करावी. मी ती फडक्यात गुंडाळून व्हर्लीच्या वाढदिवसाला टेबलावर ठेवली.

तिने अंगठा ठेवून बघितला. दुसऱ्यांदा ठेवून बघितला.

"कुठंय?" ती म्हणाली.

"काय कुठंय?"

"आजोबांचा अंगठा."

मी म्हटले, "हं? काय?"

ती तळघराच्या जिन्यावर पुन्हा कधी आली नाही. त्या आठवड्यात नळातून आले ते मी शब्दशः देतो, ज्यूएलपाशी बोलत होती: "आईनं तिथं अंगठा ठेवला, मी ठेवला, माझ्या पोरीनं, नोरीननं ठेवला. ह्यानं सगळ्यांना पुसलं, आणि वर विचारतो छान झालंय ना." पुढे बऱ्याच वर्षांनी: "मी विधवाच आहे गं. फक्त प्रेत अजून खाली कानस घासतंय." हे मी ऐकले आणि मनात ठेवले. रोज चारच्या सुमाराला ती म्हणायची, अगदी साध्या आवाजात, ओरडून नाही: "ओरिन, कॉफी झालीय." मला ऐकू यायचे. पण बहिऱ्या माणसाला साध्या आवाजातली हाक ऐकू येत नसते, म्हणून मी जात नसे. गेलो असतो तर पकडला गेलो असतो. ती वारली त्या वर्षापर्यंत मी एकदाही चुकलो नाही.

कलम ५. मेहुणी ज्यूएल हिला माझे गोळीबाराच्या वेळी कानाला लावायचे टोप द्यावेत. तिने ते तोंडाला लावावेत.

(वकिलांस सूचना: इथे वाचणे थांबवावे. मुलगा ब्राइस याला विचारावे: घर पाहिजे की बंदुका? थोरला म्हणून पहिली निवड त्याची. एक त्याला, उरेल ते मुलगी नोरीन हिला. उत्तर कागदावर घेऊन त्याची सही घ्यावी, सही वाळू द्यावी, आणि मगच कलम ६ वाचावे.)

कलम ६. ब्राइस, आता सही झाली आहे, तर ऐक.

तू पंधरा वर्षे माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणत आला आहेस: "म्हाताऱ्याला डोळे मिटू दे, बंदुका मी उचलतो. एकतीस आहेत. नोरीनला हे गळकं खोकं राहू दे." एकदा तुझ्या आईसमोर म्हणालास. एकदा टेलिफोनवर गिऱ्हाइकाला म्हणालास, "थोडं थांबा, माझा पैशाचा एक रस्ता खुला होतोय, फुप्फुसाचाच प्रश्न आहे." जुने ट्रक विकणारा माणूस जेवढा खोटा बोलतो त्यापेक्षा तू जास्त बोलतोस, पण हे खरे बोललास.

गेल्या एप्रिलमध्ये मी लिलाववाले वॉलेस फॅनिन यांना बोलावले. ते खाली आले, पोलादी कपाट उघडले, एकेक बंदूक खिडकीपाशी नेऊन बघितली आणि चष्मा काढून बसले.

"मिस्टर टॅकेट, ह्यांचं काय केलंत तुम्ही?"

"चमकवल्या."

"तेच म्हणतो मी. जुनी बंदूक घेणारा कशाचे पैसे देतो माहितीय? गंजाचे. ओरखड्यांचे. हातानं झिजलेल्या लाकडाचे. तुम्ही ते सगळं घासून केराच्या बादलीत टाकलंत."

"जुन्या बावीसच्या बावीस?"

"बावीसच्या बावीस. आणि उरलेल्या नऊ तुम्ही स्वतः जुळवलेल्या, त्यांना तुमच्याशिवाय कोण विचारतो? ती स्टर्जिलची रायफल तेवढी हात न लावता ठेवली असतीत, तर तिच्या एकटीवर हे घर आलं असतं."

"आणि आता?"

"आता तिनं हरीण मरेल."

सगळ्या मिळून किती, असे विचारले. ते म्हणाले, कपाट विका, कपाट चांगलं आहे. मी हसलो. बावीस वर्षे चोर येऊ नये म्हणून त्या कपाटाला दोन कुलपे घालत होतो आणि चोर आत बाकावर बसून तेल चोळत होता. मग मी त्यांना कॉफी पाजली आणि हे कोणाला सांगू नका म्हटले.

घर नोरीनला सरळ लिहून देता आले असते. ती घटस्फोटानंतर परत आली, शाळेच्या स्वयंपाकघरात राबून इथले छप्पर तिने स्वतःच्या पैशाने बदलले, दोन वर्षे माझ्या कफाचे भांडे धरते आहे. हे घर गेले तर तिला झोपायला तिची गाडी आहे. पण सरळ दिले असते तर ब्राइस कोर्टात गेला असता, आणि त्याचा चेहरा असा पडला नसता. म्हणून नोरीनचे छप्पर मी ब्राइसच्या हावेवर टांगले आहे. यापेक्षा मजबूत खिळा मला माहीत नाही.

कलम ७. हे कलम वरच्यानंतर महिन्याने लिहीत आहे. परवा ब्राइस आला. सफरचंदाचा मुरंबा घेऊन. बाकाशी स्टूल ओढून बसला आणि माझ्या कानाशी ओरडला, "डॅडी, विचार केला मी. बंदुका नोरीनला द्या. तिनंच तुमचं सगळं केलं. मला ह्यातलं काही नको, नुसतं हे जुनं घर असलं तरी पुरे."

मी म्हटले, "हं? काय?"

"घर, डॅडी! बंदुका तिला! घर मला!" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

मी दीड दिवस लाजेने जेवलो नाही. वाटले, पोराला उशिरा का होईना पाझर फुटला, आणि आपण त्याच्यासाठी सापळा लावून बसलो आहोत. कलम ८ लिहिल्यावरही हा मजकूर मी मुद्दाम खोडलेला नाही. मूर्खपणाही माझ्या मालमत्तेत धरावा.

कलम ८. आज नोरीन सूप घेऊन खाली आली. वाडगा बाकावर ठेवून म्हणाली, "डॅडी, कलम सहा बदला."

"हं? काय?"

"पुरे करा आता ते. ब्राइसला पहिली निवड देऊ नका. तो घर घेईल."

मी विचारले, तुला कलम सहा कोणी सांगितले. हे कागद माझ्या शर्टाच्या आत असतात.

"तुम्हीच. तुम्ही लिहिता तेव्हा मोठ्यानं वाचता. सकाळपासून तीनदा वाचलंत. तुम्ही नेहमीच बोलता, डॅडी. कानस मारताना बोलता, तेल चोळताना बोलता. वर सगळं येतं."

"वर काय येतं? आवाज खाली येतो."

"तुम्ही बोअर मारायचात तेव्हा वर उभे असायचात ना? मग दगडाचा आवाज खालनं वरच येत होता ना?"

मी म्हटले, ते वेगळे. तो खोदलेला पाइप, हा पत्र्याचा नळ. तेहतीस वर्षे पाइपाला कान लावलेल्या माणसाला आवाज कसा चालतो हे शाळेत बटाटे सोलणाऱ्या बाईने शिकवू नये. ती उभीच राहिली.

"ते लिलाववाले आले होते ना, त्या दिवशी ब्राइस वर टेबलाशी बीन्स खात होता. 'आता तिनं हरीण मरेल' म्हटल्यावर इतका हसला की त्याला ठसका लागला. पाठीत मीच मारलं."

"तू जिन्यावर उभी राहून ऐकतेस."

"मी? रॉनी मला सोडून गेला त्या आठवड्यात तुम्ही शेगड्याला काय सांगितलं, ते सांगू? 'मीही पळालो असतो.' मी सिंकपाशी भांडी घासत होते. दोनदा म्हणालात. दुसऱ्यांदा हसून."

हे मी म्हणालो होतो. नाकारत नाही. कलम लिहिणाऱ्याने खोटे लिहू नये.

मी विचारले, तुझ्या आईला माहीत होते का.

"मम्मीलाच तर आधी कळलं. तुम्ही बहिरे नाही, हेसुद्धा. तिला तुम्हाला काही सांगायचं असलं की ती जाळीपाशी यायची. गुडघे दुखायचे तरी खाली बसायची. ज्यूएल मावशी म्हणायची, अगं जिना उतरून सांग की. तर म्हणायची, जिना माझ्यानं उतरवत नाही, इथनं सांगते, त्याला पोचतं."

"आणि कॉफी?"

"कॉफी काय?"

"चारची."

नोरीनने वाडगा पुन्हा उचलला. सूप गार झाले होते. "दोन कप करायची," ती म्हणाली. "नंतर एक ओतून द्यायची."

मी तिला वर जा म्हटले.

कलम ९. मी हे मान्य करत नाही. नोरीनला घर हवे आहे, आणि घर हवे असलेली माणसे काय काय रचतात हे मी बावीस वर्षे ऐकले आहे. तिचे म्हणणे खरे असेल तर माझा बहिरेपणा पहिल्या हिवाळ्यापासून फक्त मलाच खरा वाटत होता, आणि व्हर्ली एवढी वर्षे ज्यूएलशी नव्हे तर माझ्याशी बोलत होती. हे एका पोरीच्या शब्दावर मी कबूल करणार नाही. म्हणून त्याची चाचणी करावी. नवी नळी बसवली की पहिली गोळी आपण स्वतः उडवायची, हा आम्हा घरी बंदुका बनवणाऱ्यांचा नियम आहे. ही गोळीही मीच उडवतो.

सहीच्या दिवशी नोरीनने घराबाहेर जावे. दोन्ही साक्षीदारांनी स्वयंपाकघरात टेबलाशी बसावे. जाळी आहे तशी राहू द्यावी. मी तळघरात माझ्या बाकाशी उभा राहून हा सगळा कागद पहिल्या ओळीपासून वाचेन, कानस मारताना ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात, मोठा नाही, लहान नाही. वाचून झाले की साक्षीदारांनी खाली यावे, माझी सही त्यांच्यासमोर होईल, आणि त्यांनी काय ऐकले ते त्यांनी खाली आपापल्या हाताने लिहावे.

त्यांना काही ऐकू आले नाही, तर नोरीन खोटी आणि ब्राइसची निवड व कलम ६ जसेच्या तसे कायम. ब्राइस घर मागतो आहे, त्याला घर मिळेल, आणि नोरीनला एकतीस बंदुका मिळतील. त्यांतली कुठलीही उशाला घेऊन गाडीत झोपावे.

त्यांना ऐकू आले, तर कलम ६ च्या आधी दिलेली निवड रद्द. घर, जमीन आणि मागची विहीर, जी मी स्वतः खोदली आणि जिचे पाणी अजून गोड आहे, हे सर्व नोरीनचे, बिनशर्त. बंदुका ब्राइसच्या. कपाट नोरीनचे, म्हणजे त्याने बंदुका गोणपाटात बांधून न्याव्यात. एनॉस स्टर्जिलची रायफल मात्र कोणालाच देऊ नये. ती माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावी, माझा उजवा अंगठा तिच्या दस्त्यावर टेकवून. व्हर्लीला ते आवडणार नाही, पण शेजारी मीच असणार.

साक्षीदार मी विचार करून निवडले आहेत. ओपल ब्रॅनम या आमच्या पोस्टमास्तरीण होत्या; चाळीस वर्षांत त्यांनी कोणाचे पोस्टकार्ड वाचले नाही असे त्या म्हणतात, आणि मला ते खरे वाटते. क्लेटस रॅटलिफ अठ्ठावीस वर्षे माझ्या बोअरच्या गाडीवर इंजिनाला खेटून उभा राहिला. या दोघांना नोरीन किंवा ब्राइस, कोणाकडूनही काही मिळायचे नाही, आणि माझ्याकडूनही काही मिळणार नाही.

पावलांचा आवाज ओळखणारा, कुलपाच्या खटक्यावरून किल्ली सांगणारा, पाण्याची बातमी दगडाकडून घेणारा मी, ओरिन टॅकेट, वरील सर्व वाचून, समजून, स्वखुशीने लिहून ठेवत आहे.

स्थळ: स्टर्जिल फोर्क, पूर्व केंटकी
दिनांक: शनिवार, ९ नोव्हेंबर २०१९, हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस
सही: ओरिन ली टॅकेट

साक्षीदार पहिली, ओपल ब्रॅनम, माझ्या हाताने: आम्ही दोघे स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो होतो. नोरीन चर्चच्या कामाला गेली होती. सकाळी दहा वाजता ओरिनने खाली वाचायला सुरुवात केली. सगळे ऐकू आले, बायको या शब्दापासून ते बिनशर्त या शब्दापर्यंत आणि पुढेही. कलम पाचनंतर त्याने नाक शिंकरले, तेही. कलम आठमध्ये कॉफीपाशी तो थांबला. त्या वेळात जे ऐकू आले ते मी इथे लिहीत नाही. नंतर आम्ही खाली गेलो. त्याने विचारले, "आलं का?" मी म्हटले, "आलं." त्याने आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा, क्लेटस रॅटलिफ: ओपलबाईंनी लिहिले ते बरोबर आहे. मलाही सगळे ऐकू आले. माझे कानाचे यंत्र आज घरी राहिले आहे.